मार्चअखेर अ‍ॅरिझोनातली खाणींची गावं, चार दिवसांचा प्लॅन जमेल का?

रानवाटा:
नमस्कार मंडळी, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात फिनिक्सहून गाडीने निघायचं ठरतंय, मी, नवरा आणि इकडे आलेले सासू-सासरे. वाळवंटातल्या डोंगरांमधली जुनी छोटी गावं बघायची फार इच्छा आहे. जेरोम, बिस्बी, टूमस्टोन, चिरिकावाचे दगडी सुळके आणि जमलंच तर न्यू मेक्सिकोतलं सिल्व्हर सिटी, एवढं चार दिवसांत बसवलंय. सासऱ्यांचे गुडघे दुखतात, त्यांना झेपेल ना? आणि गरम कपडे लागतील का, इकडे तर आत्ताच एसी लावावा लागतोय.

तांबडीमाती:
जेरोम काढून टाका आधी. गाव सुंदर आहे पण ते फिनिक्सच्या उत्तरेला, बाकी सगळं दक्षिण-पूर्वेला, अर्धी ट्रिप गाडीतच जाईल. सिल्व्हर सिटीही पुढच्या वेळी. त्यापेक्षा बिस्बीला दोन रात्री राहा, हे मी अगदी मनापासून सांगतेय कारण आम्ही पहिल्यांदा दोन तासांत उरकलं होतं आणि परत जावं लागलं. गाव साधारण ५,५०० फुटांवर आहे, दिवसा छान ऊन असतं आणि सूर्य डोंगराआड गेला की अर्ध्या तासात हुडहुडी भरते, जॅकेट हवंच. घरं दरीच्या दोन्ही अंगांना एकावर एक चढलेली, मधे नुसते काँक्रीटचे जिने, म्हणून सासऱ्यांसाठी मेन स्ट्रीटच्या पातळीवरचीच खोली बघा, बुक करताना फोन करून किती पायऱ्या आहेत ते विचाराच. क्वीन माईनची टूर चुकवू नका. ही जुनी तांब्याची खाण, काम कधीच बंद झालंय, आता छोट्या रेल्वेवर घोड्यावर बसल्यासारखं बसवून आत नेतात, हेल्मेट, दिवा देतात, आत बारा महिने ८ डिग्री. गाडीवर पाय टाकून बसावं लागतं, तेवढं सासऱ्यांना जमतंय का बघा. नाहीतर लव्हेंडर पिट ही उघडी खाण हायवेच्या कडेलाच आहे, दोन पावलं चालून जाळीतून बघता येतं. लव्हेंडर हे खाणीच्या अधिकाऱ्याचं आडनाव, पण त्या उघड्या खड्ड्याच्या भिंतींना गंजाचा, जांभळा, पिवळट असे खरंच इतके रंग आहेत की सासूबाई तिथून हलणार नाहीत.

धुळीचा_रस्ता:
चिरिकावा ठेवा, अजिबात काढू नका. सुमारे २ कोटी ७० लाख वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या राखेचा दगड झाला आणि झिजून हजारो सुळके उभे राहिलेत. वर मसाई पॉइंटपर्यंत गाडी जाते त्यामुळे गुडघ्यांचा प्रश्न नाही. आत पेट्रोल मिळत नाही, विलकॉक्सलाच टाकी फुल्ल करा.
एक महत्त्वाचं, वसंतात वारा भयंकर असतो. आम्हाला आय-१० हायवेवर धुळीने गाठलं, समोरचा ट्रक दोन सेकंदांत दिसेनासा झाला, हात थरथरत होते. अशा वेळी रस्त्यापासून शक्य तेवढं लांब थांबायचं, सगळे लाइट बंद, लुकलुकणारे हॅझर्डसुद्धा, आणि ब्रेकवरचा पाय काढायचा, कारण मागचा माणूस लाल दिवा बघून त्याच्याच मागे येतो आणि धडकतो.

चाकोरीबाहेर:
सासू-सासऱ्यांचे मूळ पासपोर्ट आणि आय-९४ ची (अमेरिकेत आल्याच्या नोंदीची) प्रिंट जवळ ठेवा, तुमचीही कागदपत्रं. टूमस्टोनहून उत्तरेला येताना हायवे ८० वर बॉर्डर पॅट्रोलचं (सीमा पोलिसांचं) चेकपोस्ट आहे, बऱ्याचदा एखादा प्रश्न विचारून सोडतात पण फोटोकॉपीवर भागवू नका. सिल्व्हर सिटीला पुढे कधी गेलात तर मार्चमध्ये तिकडचं घड्याळ एक तास पुढे असतं, अ‍ॅरिझोनात ते पुढे करत नाहीत.

रानवाटा:
सगळ्यांचे खूप खूप आभार, जेरोम आणि सिल्व्हर सिटी दोन्ही काढलं. सासऱ्यांना टूरचं सांगितलं तर म्हणाले गुडघ्याचं मी बघतो, खाणीत जायचंच. तळमजल्याची खोली मिळालीये, आत शिरायला तीनच पायऱ्या.