शब्दचर्चा : दया, करुणा, कणव आणि अधिकार

प्रश्न (खानापूर तालुका)
नववीच्या मुलांशी सत्ता आणि करुणा या विषयावर बोलायचं आहे. शाळा मराठी माध्यमाची, पण बाजारात, बसमध्ये पोरं कानडी बोलतात. सत्ता म्हटलं की त्यांना आमदार-तहसीलदार आठवतात, करुणा म्हटलं की गौतम बुद्ध. बाई वर्गाबाहेर गेल्यावर मॉनिटर फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं लिहितो, दोस्ताचं गाळतो, भांडलेल्याचं आधी लिहितो. हीसुद्धा सत्ताच, हे कोणत्या शब्दांतून दाखवावं? आणि दया, करुणा, कणव, कीव यांतला कोणता शब्द धरावा?

उत्तर (बेळगाव, शहापूर)
नामांपेक्षा क्रियापदं बघा. सत्ता गाजवतात, वचक बसवतात, धाक दाखवतात. दयाही 'दाखवतात', म्हणजे दाखवणारा वर उभा आहे. करुणा 'भाकतात', तिथं बोलणारा खाली आहे. कणव मात्र 'येते'. 'मला त्याची कणव आली' म्हणताना मी कुणावर उपकार करत नाही, आतून काहीतरी हललेलं असतं. कीवही येतेच, पण 'तुझी कीव येते' असं तोंडावर म्हटलं की तो अपमान होतो. पोरांना हा फरक समजावून सांगावा लागत नाही, कारण सगळ्यांनी तो कधी ना कधी ऐकलेला असतो. 'जीव लावणे' विसरू नका. आजी नातवाला जीव लावते, नातू आजीला आणि दोघं मिळून गोठ्यातल्या वासराला.

उत्तर (निपाणी)
मी सत्तेऐवजी 'अधिकार' घेईन, कारण त्या एका शब्दात तीन अर्थ नांदतात. साहेब अधिकार गाजवतो. मुलाला शिकण्याचा अधिकार असतो. आणि एखाद्या बुवांचा भजनातला अधिकार मोठा असतो, तो कुणी दिलेला नसतो, कमावलेला असतो. मॉनिटरकडे यातला कोणता आहे, एवढंच वर्गाला विचारा. कानडीत हक्कासाठी 'हक्कु' आणि सत्तेसाठी 'अधिकार' असे शब्द वेगळे पडतात, त्यामुळे सीमेवरच्या पोरांना हे लवकर उमगेल.
जाता जाता, 'शिक्षा' हा शब्दही घ्या. संस्कृतात त्याचा अर्थ शिकणं, आपल्याकडे आणि कानडीतही दंड. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नं शाळेत मारायला आणि मानसिक छळाला बंदी घातली, तरी 'छडी' हा शब्द आपल्या बोलण्यातून गेलेला नाही. शिक्षकाच्या हातातल्या सत्तेबद्दल न बोलता मॉनिटरच्या सत्तेबद्दल बोललो, तर पोरं ऐकतील पण मानणार नाहीत.

उत्तर (चिकोडी)
दयेला इतक्या लवकर बाजूला काढू नका. तुकोबा म्हणतात, 'दया तिचे नांव भूतांचे पाळण । आणिक निर्दळण कंटकांचे'. इथं दया म्हणजे वरून टाकलेली भीक नव्हे. दुबळ्याला सांभाळणं आणि त्याला टोचणारा काटा मोडणं, दोन्ही तिच्यात आलं. म्हणजे या दयेला बळ लागतं. गांजणाऱ्याला कुणी अडवत नसेल आणि गांजलेल्याचे नुसते डोळे पुसत असतील, तर तुकोबांच्या अर्थानं ती अर्धीच दया झाली. मॉनिटरचा अधिकार काढून घेण्यापेक्षा तो कुणाच्या रक्षणाला लावायचा, हा प्रश्न मला जास्त मोलाचा वाटतो.
कानडीच्या तासाला हीच मुलं 12 व्या शतकातल्या बसवण्णांचं वचन शिकतात : 'दयविल्लद धर्मवावुदय्या', दयेवाचून धर्म कसला? दोन्ही ओळी एकाच फळ्यावर लिहाव्यात. आपल्या भागातल्या मुलांना दोन्ही कळतात. हे भाग्य पुण्या-मुंबईच्या वर्गाला सहसा नाही.

उत्तर (बेळगाव, शहापूर)
कानडीतला 'अंतःकरण' शब्दही घ्या. मराठीत अंतःकरण म्हणजे मन, हृदय. कानडीत तोच शब्द माया, कळवळा या अर्थानं वापरतात. 'अवरिगे अंतःकरण इल्ल' म्हणजे त्यांना दयामाया नाही.

प्रश्नकर्त्याकडून
कणव आणि अधिकार हे दोन शब्द घेते. दया तुकोबांच्या ओळीसकट घेते, सुटी नाही. मुलांनी घरी, एसटीत, रेशनच्या रांगेत ऐकलेली वाक्यं आणायची आणि त्यांत कोण वर, कोण खाली, हे क्रियापदावरून शोधायचं. माझी स्वतःची वर्गातली वाक्यंही त्यांनी लिहून आणली तरी चालतील, असं आधीच सांगणार आहे. 'वचक' आणि 'दरारा' यांत तुम्ही फरक करता का? माझ्या कानाला वचक बसवावा लागतो, दरारा माणसाआधी पोचतो. पण दरारा असलेल्या माणसाबद्दल माया असू शकते का, हे मुलं नक्की विचारतील. त्यावर तुमच्या गावाकडची उदाहरणं हवी आहेत.