गुदाशयाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया : तात्पुरती पिशवी टाळता येईल का?

कृष्णाकाठ : माझ्या वडिलांच्या (वय ६४) गुदाशयाच्या खालच्या भागात कर्करोग असून रेडिएशन व केमोथेरपी नुकतीच पूर्ण झाली आहे. आता गाठीचा भाग काढून मोठे आतडे गुदद्वाराजवळ जोडायचे आणि पोटावर काही महिने मळ गोळा करणारी पिशवी ठेवायची, असे सर्जननी सांगितले आहे. वडील पिशवीला मुळीच तयार नाहीत. रंगद्रव्य टोचून आतड्याचा रक्तपुरवठा तपासता येतो असे वाचले. तसे केल्यास पिशवी टाळता येईल का?

शल्यविशारद : बहुधा नाही. या शस्त्रक्रियेनंतरची सर्वांत गंभीर गुंतागुंत म्हणजे जोड गळणे. जोड जितका खाली तितका हा धोका अधिक, आणि पुरुषांचे अरुंद ओटीपोट, आधीचे रेडिएशन व धूम्रपान यांमुळे तो आणखी वाढतो. इन्डोसायनिन ग्रीन हे रंगद्रव्य शिरेतून दिल्यावर विशेष कॅमेऱ्यात रक्त पोहोचलेले आतडे चमकते, त्यामुळे ते नेमके कुठे कापावे हे ठरवणे सोपे जाते. जपानमधील ‘एसेन्शियल’ चाचणीत त्यामुळे गळतीचे प्रमाण ११.८ टक्क्यांवरून ७.६ टक्क्यांवर आले. अमेरिकेतील ‘पिलर-३’मध्ये मात्र फरक दिसला नाही. रक्तपुरवठा उत्तम असूनही जोड गळू शकतो, हे त्यामागचे एक कारण असू शकते.

पिशवीमुळे मळ जोडापर्यंत जात नाही, म्हणून गळती झालीच तरी पोटात जंतुसंसर्ग पसरून जिवावर बेतण्याची शक्यता कमी होते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधील २३४ रुग्णांच्या चाचणीत लक्षणे दिसणारी गळती पिशवी असलेल्यांत १०.३ टक्के, तर नसलेल्यांत २८ टक्के आढळली. तुमच्या वडिलांच्या बाबतीत मी तरी पिशवीच सुचवीन.

सांगलीकर : माझ्या काकांची पिशवी लहान आतड्याला होती, त्यातून पाणी फार जात असे आणि एकदा तर सलाईनसाठी दाखल करावे लागले. ओआरएस घरी ठेवा, आणि पिशवीची जागा शस्त्रक्रियेआधी बसवून, उभे करून, कमरपट्ट्याचा अंदाज घेऊन आखून घ्या. त्यांच्या बाबतीत ती चुकल्याने पिशवी सारखी सुटत असे.

शल्यविशारद : वरील सूचना योग्य आहे. सर्जनना आणखी एक विचारावे : गुदाशयाभोवतीचे चरबीचे आवरण अखंड काढताना लघवी व लैंगिक क्रियेच्या नसा किती वाचवता येतील? ब्रिटिश सर्जन बिल हील्ड यांनी १९८२ मध्ये मांडलेल्या या पद्धतीने त्या जागी कर्करोग पुन्हा होणे बरेच कमी झाले. पण ती किती काटेकोरपणे केली जाते, यावर रुग्णाचे पुढचे आयुष्य अवलंबून असते. पिशवी काढल्यावरही काही काळ वारंवार शौचास जावे लागणे संभवते, हे वडिलांना आधीच सांगावे.

कृष्णाकाठ : आभारी आहे. पिशवी बंद करण्यापूर्वी जोड भरून आला आहे की नाही, हे कसे तपासतात?

शल्यविशारद : बोटाने तपासून, दुर्बिणीने पाहून आणि गरज असल्यास गुदद्वारातून क्ष-किरणांत दिसणारे औषध सोडून फोटो काढून. जोड व्यवस्थित असल्यास साधारण दोन ते तीन महिन्यांनी पिशवी बंद करतात. मात्र पुढची केमोथेरपी चालू असेल तर ती संपेपर्यंत बहुतेक वेळा थांबतात.