टांक्वा कारूत वीज नसलेल्या घरात तीन रात्री: इन्सुलिन घेणाऱ्या बाबांना न्यावं का? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

आईबाबा सध्या आमच्याकडे केप टाउनला आलेत. जुलैतल्या अमावास्येला धरून टांक्वा कारू नॅशनल पार्कमध्ये (कारू म्हणजे इथला कोरडा, ओसाड प्रदेश) तीन रात्रींचं बुकिंग केलंय. हट्ट बाबांचा. वय ७२, आणि आयुष्यभर आकाश बघत आलेत. मे महिन्यात दक्षिण क्षितिजाला टेकलेला त्रिशंकू (सदर्न क्रॉस हा तारकासमूह) दाखवायला ते आम्हाला गावच्या गच्चीवर न्यायचे. कडुनिंबाची फांदी आड आली की मला खांद्यावर घ्यायचे. तोच त्रिशंकू उंच चढलेला त्यांना एकदा बघायचाय.

बुकिंगच्या मेलमध्ये लिहिलंय की घरात वीज नाही. रॉकेलचे कंदील, गॅसची शेगडी, गॅसवर चालणारा फ्रिज. पार्कमध्ये पेट्रोल मिळत नाही, मोबाईलला रेंज नाही. माझं एकटीचं असतं तर मी डोळे झाकून गेले असते.

पण बाबा दिवसातून चार वेळा इन्सुलिन घेतात. त्यांची पेनं आमच्या फ्रिजच्या दारात एका जुन्या श्रीखंडाच्या डब्यात असतात, डब्यावर आईच्या अक्षरात ‘हात लावू नये’. गॅसचा फ्रिज मी कधी वापरलेला नाही. तो रात्रीत विझला तर? आणि साखर अचानक उतरली तर फोन कुणाला करायचा?

दुसरी भीती रस्त्याची. सेरेस ते कॅल्विनिया हा आर ३५५ सुमारे २५० किमी, बहुतेक सगळा खडीचा, मध्ये एकही गाव नाही. टायर फाडण्यासाठी तो प्रसिद्ध आहे असं सगळेच सांगतात. गेल्या वर्षी दुसऱ्या एका कच्च्या रस्त्यावर आमचं चाक बसलं होतं. स्टेपनी होती, पाना होता, पण जॅक लावला की तो मातीत रुतायचा. गाडी तसूभरही उचलेना. शेवटी एक शेतकरी फळी घेऊन आला तेव्हा सुटलो. तेव्हा बाबा बरोबर नव्हते.

आईचा प्रश्न वेगळाच: तिथे सिंह आहेत का?

वीज नसलेल्या अशा ठिकाणी वयस्कर माणसांना घेऊन कुणी राहिलं असेल तर कृपया सविस्तर लिहा. ‘जाऊ नका’ असं वाटत असेल तर तेही स्पष्ट सांगा, राग येणार नाही.

प्रतिसाद १

ताई, माझे सासरे इन्सुलिनवर होते आणि आम्ही त्यांना घेऊन कारूत दोनदा राहिलोय, म्हणून लिहितो.

जुलैत तुमचा शत्रू उकाडा नाही, गारठा आहे. तिथली हवा कोरडी, आकाश निरभ्र, त्यामुळे दिवसभराची ऊब सूर्य मावळला की भराभर निघून जाते आणि पहाटे पारा शून्याखाली जाऊ शकतो. इन्सुलिन एकदा गोठलं की वितळल्यावरही वापरायचं नाही, टाकून द्यायचं. त्यामुळे पेनं रात्री गाडीत अजिबात विसरू नका. गॅसच्या फ्रिजमध्येही मागच्या थंड पत्र्याला चिकटून ठेवलेली वस्तू गोठते. डबा पुढच्या बाजूला ठेवा, आत छोटा थर्मामीटर टाका, २ ते ८ अंश हवेत. वापरात असलेल्या पेनाला फ्रिज लागतच नाही. बहुतेक प्रकार साधारण २८ दिवस खोलीच्या तापमानात चालतात, तुमच्या पेनाचा कागद तेवढा वाचून घ्या. तीन रात्रींत फ्रिज विझला तरी आभाळ कोसळणार नाही.

साखर मोजायचं यंत्रसुद्धा फार थंडीत चालत नाही, नुसती एरर दाखवतं. सासऱ्यांचं आम्ही पांघरुणात ठेवायचो. आकाश बघताना बाबांच्या खिशात ग्लुकोज हवंच, कारण थंडीने कापरं भरलंय की साखर उतरलीय हे अंधारात कळत नाही. शंका आली की आत नेऊन मोजा. ग्लुकॅगॉनबद्दल (साखर फार उतरून माणूस शुद्धीवर नसेल तेव्हा द्यायचं औषध) निघण्याआधी डॉक्टरांशी बोला आणि ते कसं द्यायचं हे घरातल्या दोघांनी शिकून घ्या.

ऊब हवी म्हणून कोळशाची शेगडी खोलीत आणू नका. विषारी वायूला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. कंदील जळत असेल तर खिडकी थोडी उघडी ठेवा, झोपताना विझवा. गरम पाण्याच्या रबरी पिशव्या न्या, त्यांच्यासारखं सुख नाही.

रस्त्यावर धारदार पाटीचे दगड आहेत. टायरची हवा थोडी कमी करा, वेग ६० च्या आत ठेवा, समोरून गाडी आली की आणखी हळू, नाहीतर काचेवर दगड येतो. शक्य असेल तर दोन स्टेपन्या घ्या. आणि जॅकखाली ठेवायला जाड फळी, हे तर तुम्ही शिकलाच आहात! टाकी सेरेसला भरा. कुठे चाललोय आणि कधी परतणार हे घरी कुणाला तरी लिहून द्या.

सिंह टांक्वात नाहीत. ते ब्यूफर्ट वेस्टजवळच्या कारू नॅशनल पार्कमध्ये, २०१० मध्ये आणून सोडलेले. आईंना सांगा, विंचू मात्र असतात, सकाळी बूट झटकूनच घालायचे. चिमटे बारीक आणि नांगी जाड असेल तो जास्त विषारी.

माझं मत: न्या.

प्रतिसाद २

फक्त आकाशाबद्दल. त्रिशंकू अंधार पडताच बघून घ्या, तेव्हा तो सगळ्यात वर असतो, मग उतरू लागतो. दहाच्या सुमारास वृश्चिक जवळजवळ डोक्यावर येतो, आकाशगंगेचा जाड पट्टा सोबत. मॅगेलनचे मेघ (ढगासारख्या दिसणाऱ्या दोन छोट्या दीर्घिका) संध्याकाळी फार खाली असतात, त्यांच्यासाठी पहाटे पाचला उठवा. वयस्कर माणसाला मान वर करून उभं राहवत नाही, आडवी होणारी खुर्ची न्या.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. गोठण्याचं माझ्या ध्यानीमनीही नव्हतं, मी बर्फाच्या पिशव्या जमवत बसले होते! डॉक्टरांची वेळ घेतलीय. सिंहांचं आईला वाचून दाखवलं, तर आता ती विंचवांबद्दल विचारतेय.

एकच राहिलं: आडवी होणारी खुर्ची आणि दोन स्टेपन्या छोट्या गाडीत मावत नाहीत. चार माणसांसाठी उंच गाडी भाड्याने घ्यावी का? खडीच्या रस्त्यावर टायर फाटला तर भाड्याच्या गाडीचा विमा तो खर्च देतो का, कुणी अनुभव घेतलाय?