‘फांदो ई लिस’ : संहिता बाजूला ठेवून सिनेमा काढणं म्हणजे आळस?

विंगेतून : काल इथे कुणीतरी लिहिलं की ‘फांदो ई लिस’ या सिनेमात दिग्दर्शक जोदोरोव्स्कीने नाटककार अराबालच्या त्याच नावाच्या नाटकाची वाट लावली, संहिता न धरता नुसत्या आठवणीवर सिनेमा काढणं म्हणजे शुद्ध आळस. राहवलं नाही. अहो, त्याने मेक्सिकोत ते नाटक आधी स्वतः बसवलं होतं! तालमीत अंगात मुरलेलं असतं त्यातूनच सिनेमातला तो जळता पियानो आला ना. आणि फांदो नि लिस ज्याच्या शोधात निघतात ते तार शहर सापडणार नाही हे नाटकात बोलून सांगावं लागतं, इथे कृष्णधवल पडद्यावर ते रखरखीत खडक दिसले की संपलं.

तिसरीघंटा : ते मीच लिहिलंय. बसवलं होतं, बरं. पण नाटकात लिसकडून ढोल फुटतो म्हणून फांदो तिला मरेस्तोवर मारतो, आणि सगळं इतक्या पोरकट साध्या बोलण्यातून येतं की अंगावर येतं. सिनेमात तोवर एवढं रक्त, चिखल, लहानपणच्या आठवणी कोंबल्यात की तिचं मरण त्या गर्दीत हरवतं. बघणारा निर्ढावतो.

रीळवाला : निर्ढावतो? १९६८ला आकापुल्कोच्या महोत्सवात दंगल झाली, नंतर मेक्सिकोत बंदी आली.

तिसरीघंटा : दंगल झाली म्हणून सिनेमा थोर, हा कुठला न्याय?

एकांकिकावाली : विषय सोडून बोलते, पण असल्या सिनेमांच्या नादाने आमच्या एकांकिकांचं वाटोळं झालंय. कॉलेजात दिग्दर्शकाने मला ढकलगाडीत घालून अख्खा प्रयोग फरफटवलं, गुडघे सोलले, वर म्हणे अ‍ॅब्सर्ड आहे, अर्थ विचारू नकोस.

विंगेतून : त्यात अराबालचा काय दोष?

एकांकिकावाली : अपंग लिस, तिला ओढणारा पुरुष, हे बघूनच शिकतात ना पोरं! नटी म्हणजे प्रॉप नव्हे.

रीळवाला : लागतं हो सगळ्यांना, माझा खांदा निखळलाय स्टेजवर, मी बोंबललो का?

एकांकिकावाली : तुम्हाला आधी विचारलं होतं ना कुणी? मला नाही विचारलं. खांद्याचं कौतुक मला सांगू नका.

तिसरीघंटा : अगदी.

विंगेतून : नटीला विचारायलाच हवं, त्यावर माझा वाद नाही, पण त्यासाठी वेगळा धागा काढा. सिनेमाचा जीव तारच्या वाटेत आहे, आणि संहितेला चिकटून बसला असता तर ती वाट दिसलीच नसती.

तिसरीघंटा : जीव त्या ढोलात आहे. नाटक वाचा, मग बोलू.