'प्रोटोकॉल'ला मराठीत काय?

प्रयोगवही : एका शोधनिबंधातला पद्धतींचा भाग मराठीत आणतोय. 'प्रोटोकॉल'ला मी 'कार्यपद्धती' लिहिलं होतं. तपासणाऱ्यांनी सगळीकडे 'राजशिष्टाचार' करून परत पाठवलं. आता वाक्य असं : 'पेशी वेगळ्या करण्याचा राजशिष्टाचार पुरवणीत दिला आहे.' काय करू?

अनुस्वार : पेशींना मुजरा करा :) सरळ 'कृती' लिहा. शाळेत साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान असंच लिहायचो की.

मधुमालती : 'कृती' पाककृतीची वाटते. 'कार्यविधी' बरा.

अनुस्वार : विधी म्हटलं की मला होमकुंड दिसतं. आणि पाककृती वाटली तर बिघडलं काय? निबंधांतही 'रात्रभर ठेवावे', 'पूर्वी वर्णिल्याप्रमाणे' असतंच. 'चवीनुसार मीठ' तेवढं राहिलं.

उंबरठा : मूळ शब्द ग्रीक. 'प्रोटोस' म्हणजे पहिला, 'कोल्ला' म्हणजे सरस. पपायरसच्या गुंडाळीला चिकटवलेलं पहिलं पान. आपली चिकटवायची 'खळ' याच 'कोल्ला'ची बहीण असावी.

मधुमालती : ध्वनी जुळला की नातं जोडायचं हे तुमचं नेहमीचंच.

पेशीवाला : आम्ही दिवसभर प्रोटोकॉलच म्हणतो, कुणाचं अडत नाही. अडतं ते क्रियापदांपाशी. बर्कलीच्या मीना बिसेल यांची प्रयोगशाळा आणि बोस्टनची एक, दोघींनी स्तनाच्या ऊतीतून पेशी वेगळ्या केल्या, पण निकाल काही केल्या जुळेनात. शेवटी दोघांकडची माणसं एकाच टेबलाशी बसली तेव्हा कळलं, एक जण जोरात ढवळतोय, दुसरा हळू हलवतोय. 2014 साली त्यांनी हे छापलं.

प्रयोगवही : बाप रे. माझ्याकडे 'ॲजिटेट' आहे. मी बिनधास्त 'ढवळावे' करून टाकलं!

मधुमालती : ढवळणं म्हणजे आत काहीतरी घालून फिरवणं. भांडंच हललं तर हिंदकळणं. घुसळणं आणखी वेगळं, ते उलटसुलट.

नवखा : 'हिंदकळावे' वाचून कोण प्रयोग करणार? 'शेक करा' लिहा. इतका सोवळेपणा कशाला?

पेशीवाला : शेक करा, पण किती वेगानं, किती वेळ, तेही लिहा. सेंट्रिफ्यूजचे, म्हणजे नळ्या गरगर फिरवणाऱ्या यंत्राचे, तर नुसते फेरे लिहूनही भागत नाही. रोटरची, म्हणजे त्यातल्या फिरणाऱ्या भागाची, त्रिज्या बदलली की जोर बदलतो, म्हणून किती 'जी', म्हणजे गुरुत्वाच्या किती पट, ते हवं. कर्करोगावरचे गाजलेले प्रयोग पुन्हा करून पाहण्याचा एक मोठा प्रकल्प 2021 साली संपला. 193 प्रयोग करायचे ठरले होते; त्यातल्या एकाचीही पूर्ण कृती नुसत्या मूळ निबंधावरून उभी राहिली नाही. प्रत्येक वेळी लेखकांना विचारावं लागलं.

अनुस्वार : बघा, 'कृती' म्हणालात!

पेशीवाला : तोंडातून गेलं.

प्रयोगवही : मग 'राजशिष्टाचार' खोडू ना?

उंबरठा : ते नंतर. आमच्याकडे 'हिंदकळणं' म्हणजे काठावरून सांडणं. तसं लिहिलंत तर पेशी जमिनीवर.

मधुमालती : सांडेलच असं नाही. नुसतं काठापर्यंत येऊन मागे गेलं तरी हिंदकळणंच.