मदत हवी आहे: पर्सेल तत्त्वाची तुलना कलम ३२९ शी होऊ शकते का?

नमस्कार मंडळी,

एलएल.एम.च्या प्रबंधासाठी अमेरिकेतला निवडणूक कायदा वाचतोय आणि एका ठिकाणी अडकलोय. जाणकारांनी, विशेषतः तिकडे कायदा शिकलेल्यांनी, जरा वाट दाखवावी.

विषय पर्सेल तत्त्वाचा. मतदान तोंडावर आलं असताना फेडरल कोर्टांनी निवडणुकीचे नियम बदलू नयेत, मतदारांचा गोंधळ उडतो, एवढाच त्याचा गाभा. उगम २००६ चा, ॲरिझोनातल्या मतदार-ओळखपत्राच्या खटल्यातला. मूळ आदेश अगदी छोटा, त्यावर केवढा डोलारा उभा राहिलाय! हे नाव रूढ केलं प्रा. रिचर्ड हेसन यांनी, आणि २०१६ च्या लेखात त्यावर टीकाही त्यांनीच केली: निवडणूक किती जवळ आलीय हा स्थगिती देताना बघायच्या मुद्द्यांपैकी एक असावा, बाकीचे मुद्दे गिळून टाकणारा नियम नसावा.

अलाबामाचं प्रकरण वाचून मला ते पटलं. २४ जानेवारी २०२२ ला फेडरल जिल्हा न्यायालयाने मतदारसंघांचा नकाशा रोखला. प्राथमिक निवडणूक (पक्षांचे उमेदवार ठरवणारी) २४ मेला, मुख्य थेट नोव्हेंबरात. तरी ७ फेब्रुवारीला सुप्रीम कोर्टाने ५-४ ने त्या आदेशाला स्थगिती दिली; न्या. कॅव्हानॉ यांनी आपल्या मतात पर्सेलचाच आधार घेतला. जून २०२३ मध्ये त्याच कोर्टाने खालचा निर्णय उचलून धरला, पण तोवर २०२२ ची निवडणूक त्या नकाशावर होऊनही गेली होती.

आमचे सर म्हणतात, आपल्या राज्यघटनेचं कलम ३२९(ख) आणि त्यावरचा सुप्रीम कोर्टाचा १९५२ चा पोन्नुस्वामी निकाल घे, तुलना झाली. मला ती ओढूनताणून वाटते. आपल्याकडे निवडणूक सुरू झाली की कोर्ट मध्ये पडत नाही, पण निकालानंतर ४५ दिवसांत हायकोर्टात याचिका करता येते आणि निवड रद्दही होऊ शकते. शिवाय आपला अडसर घटनेतच लिहिलाय, तिकडचा न्यायाधीशांनी घडवलाय. नकाशाचाच वाद असेल तर तुलना ३२९(क) शी, म्हणजे मतदारसंघ आखण्याच्या कायद्यांना कोर्टात आव्हान देण्यावर बंदी घालणाऱ्या कलमाशी, नको का? तिथे आपण त्यांच्याहून कडक दिसतो.

तर ही मांडणी टिकेल का? आणि निवडणूक जवळ असतानाही कोर्टाने कधी हस्तक्षेप करावा याच्या कॅव्हानॉ यांनी त्या मतात सांगितलेल्या चार अटी खालची कोर्टं नियम म्हणून पाळतात, की केवळ एका न्यायमूर्तींचं मत म्हणून सोडून देतात? हेसन यांना खोडून काढणारं, पर्सेलची बाजू नीट मांडणारं काही वाचलं असेल तर तेही सुचवा. फुकट मिळणारं असेल तर उत्तम, कॉलेजकडे महागडे डेटाबेस नाहीत.