सोसायटी ग्रुप (कुर्टी, फोंडा): उषाकाकीच्या कोंबड्या

उषाकाकी (घर ४), ६.५२
संतोष, सरळच विचारते. तुझा कुत्रा ब्रूनो सकाळी सुटला होता का? माझ्या तीन तलंगा परसात मरून पडल्यात. एकही खाल्लेली नाही, नुसत्या मानेला धरून झिंजाडल्यात. खुडूक बसलेली काळी कोंबडी अंड्यांवरून उठून आंब्यावर चढलीय, खाली यायला तयार नाही. तीन दिवसांत पिल्लं फुटायची होती.

प्रकाश (११), ६.५८
आज कोंबडीची शागुती पक्की 😄

उषाकाकी (घर ४), ६.५९
प्रकाश, हातची वाढवलेली जित्राबं आहेत ती. आज नको.

प्रकाश (११), ७.०१
सॉरी काकी.

संतोष (७), ७.०८
काकी, दरवेळी ब्रूनोच का? तो माणसाळलेला आहे. मागच्या नाल्यात मुंगसाचं बीळ आहे, सगळ्यांनी बघितलंय. गेल्या चवथीलाही आधी ब्रूनोचंच नाव आलं होतं आणि शेवटी मांजर निघालं.

मेधा (९), ७.१०
मांजर "निघालं" नव्हतं. कोणी काही सिद्ध केलं नव्हतं. माझी मनी रात्री घरातच झोपते. तो विषय परत काढू नये.

बाबलोभाई (१२), ७.१२
मासळीची खवलं-आतडी मागच्या भिंतीपलीकडे टाकणं बंद करा. कुत्री-मांजरं तिथेच जमतात. हे मी कधीपासून सांगतोय.

सेक्रेटरी, ७.१५
सर्वांनी शांत राहावे ही विनंती. 🙏

उषाकाकी (घर ४), ७.१९
मुंगसाचं म्हणतोस, पण नीट बघ. आणि फोटो बघा. खुराड्याची जाळी खालून बाहेर ओढलीय, तारेच्या टोकाला तपकिरी केस अडकलेत. तांबड्या चिखलात ठसे आहेत, नखं उमटलेली. मांजराच्या ठशात नखं दिसत नाहीत, तेव्हा मेधा, तुझ्या मनीवर माझा संशय नाही.

मेधा (९), ७.२०
आभार काकी.

संतोष (७), ७.२४
तपकिरी केस काय फक्त ब्रूनोलाच आहेत? देवळाकडची तीन-चार कुत्री आहेतच की. मुळात सोसायटीत कोंबड्या ठेवायच्या का, हाही प्रश्न आहे. कोंबडा पहाटे चारला आरवतो, वास येतो.

उषाकाकी (घर ४), ७.२७
कोंबडा मी गणपतीआधीच दिला, अंडी द्यायला कोंबडा लागत नाही. बसवलेली अंडी भावाकडून आणलीत. वासाचं म्हणशील तर रोज झाडते, भुशाखाली कोरडं ठेवते. ब्रूनोची घाण माझ्या फाटकासमोर कोण उचलतं, तेही एकदा लिहून टाक.

प्रकाश (११), ७.२८
हे वाढतंय हां.

१५ नंबर, ७.३१
त्या देवळाकडच्या कुत्र्यांना काहीतरी घालून टाकलं पाहिजे. एकदाच प्रश्न मिटेल.

नेहा डॉक्टर (२), ७.३४
असं लिहूसुद्धा नका. विष घालणं हा गुन्हा आहे, १९६० पासून त्यावर कायदा आहे. ते उंदरातही जातं, मांजरातही, आणि उद्या कोणाच्या मुलाच्या हातातही. भटक्या कुत्र्यांचं निर्बीजीकरण करून त्यांना त्याच जागी सोडावं लागतं, २०२३ चे नियम तसे आहेत. २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित जाहीर झाला तो कुत्री मारून नव्हे, घरोघरी आणि रस्तोरस्ती लस टोचून. मुंगसालाही हात लावायचा नाही, १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे त्याला.

सेक्रेटरी, ७.३६
१५ नंबरने मेसेज डिलीट करावा.

नेहा डॉक्टर (२), ७.४१
उषाकाकी, आधी अंडी. ती सुक्या फडक्याने झाकून ठेवा. शेवटच्या दिवसांत आतल्या पिल्लांना स्वतःची ऊब असते, काही तास निभावतं. पण काळीला लवकर खाली आणा. तांदूळ दाखवा, माणसं लांब ठेवा, पाठलाग अजिबात नको.
आणि जाळी बदला. ती षटकोनी जाळी कोंबड्यांना आत ठेवते, कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी घ्या. तळाशी ती फूटभर बाहेरच्या बाजूला जमिनीवर पसरा आणि वर चिरे ठेवा, म्हणजे उकरता येत नाही. रात्री दाणे आत सोडू नका. दाण्याला उंदीर येतो, उंदरामागे नाग येतो. कांडेचोर (उदमांजर) वरून उतरतो, तेव्हा छपरालाही जाळी हवी.

बाबलोभाई (१२), ७.४४
मासळीची खवलं-आतडी मागच्या भिंतीपलीकडे टाकणं बंद करा.

मेधा (९), ७.४५
भाई, सगळ्यांनी वाचलं.

बाबलोभाई (१२), ७.४७
वाचलं, केलं कोणी नाही. बुधवारी बांगड्याची डोकी होती तिथे. ज्याने टाकली त्याला माहीत आहे.

प्रकाश (११), ७.४९
आमच्याकडची होती. उद्यापासून नारळाच्या मुळात पुरतो.

सेक्रेटरी, ७.५२
रविवारी बैठकीत विषय घेऊ. कोंबड्या ठेवाव्यात की नाही, यावर मत घ्यावं लागेल.

उषाकाकी (घर ४), ७.५६
जरूर घ्या. पण मग पाळीव प्राणी मोकळे सोडावेत की नाही, यावरही त्याच दिवशी घ्या. माझ्या कोंबड्या माझ्या कुंपणात होत्या. बाहेरून आत कोण आलं, हा प्रश्न आहे. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो. एकदा रक्ताची चव लागली की ते जनावर उद्या परत येणार, आणि परसात माझी नात खेळते.

संतोष (७), ८.०५
ब्रूनो कोणाला चावलेला नाही. दरवर्षी लस देतो, कार्ड दाखवतो.

नेहा डॉक्टर (२), ८.०७
लस दिलीय म्हणून कोंबडीमागे धावायचा थांबत नाही, संतोषदादा. तो त्याचा दोष नव्हे, त्याची जात आहे. म्हणून तर साखळी.

संतोष (७), ८.२१
आई म्हणते, तिने साडेपाचला पाणी भरायला फाटक उघडलं तेव्हा तो बाहेर गेला. सहाला परत आला. पाय चिखलाचे होते, एवढं खरं. बाकी मी पाहिलं नाही.
काकी, जाळीचा खर्च मी देतो. संध्याकाळी येऊन लावूनही देतो.

उषाकाकी (घर ४), ८.२४
जाळी माझी मी घेईन, पैसे नकोत. चिरे जड आहेत, ते उचलायला ये. मला हवी ती सकाळची साखळी. फाटक उघडण्याआधी. हो की नाही, एवढंच लिही.

संतोष (७), ८.३०
हो. उद्यापासून.

उषाकाकी (घर ४), ८.३१
आजपासून. संध्याकाळी पाचला त्याला फिरवायला काढशीलच ना.

संतोष (७), ८.३३
हो काकी. आजपासून.